वाकडा बोल्ट

२ फेब्रुवारी, रविवार

ही वही शिबिरात मिळाली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलं आहे, 'आज मी काय साध्य केले?' आणि खाली पाच रेघा. शिकवायला आलेले गृहस्थ म्हणाले, चार माणसांना पुढे नेणाऱ्याने रोज एवढ्या ओळी तरी भरल्याच पाहिजेत. मी गावच्या शाळेत शिकलेला. रेघ सोडली की गुरुजींची पट्टी बसायची, म्हणून अक्षर सरळ आहे. पण माझं म्हणणं पाच ओळींत मावेल असं वाटत नाही.

उद्यापासून कारखाना माझ्या हाती. कारखाना म्हणजे चर्चच्या आवारातली मागची पत्र्याची शेड आणि आठ माणसं. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकली आम्ही करतो आणि फुकट देतो. कामाला आहेत तीही दुसरीकडे कुणी ठेवून न घेतलेली माणसं. एकोणीस वर्षं मी तिथलं स्टोअर सांभाळलं. शेड चालवणाऱ्या मिस्त्रींची नजर गेली, म्हणून चर्चच्या समितीने मला त्यांच्या जागी बसवलं.

अध्यक्ष साहेबांनी स्पष्ट सांगितलं आहे. एका संस्थेला साठ सायकली वाटायच्या आहेत. आठ मार्चला समारंभ. आपली दिवसाला एक होते, ती दोन झाली पाहिजे. जमलं तर दर वर्षी काम मिळेल. नाही जमलं तर शेडचं गोदाम करायचं समितीने जवळपास ठरवलंच आहे.

संध्याकाळच्या प्रार्थनेत शब्द फुटेना. नुसता बसून राहिलो. ही म्हणाली, "अहो, देवाला कळतं. जेवायला उठा."

३ फेब्रुवारी, सोमवार

आमच्याकडे एक जुनी चाल आहे. यंत्रं सुरू करण्याआधी सगळे लांब बाकावर बसतात. छोटी प्रार्थना होते. मग एक वाकडा बोल्ट हातोहात फिरतो. ज्याच्या हातात बोल्ट, त्याने काल आपल्या हातून काय चुकलं ते सांगायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. रागवायला बंदी, हसायला नाही. बोल्ट आधी मुख्य माणसाच्या हातात येतो. मिस्त्रींनी कसायचा विसरलेला तो बोल्ट. अठरा वर्षांपूर्वी त्याच्यापायी एक मुलगी सायकलवरून पडली होती. मिस्त्री तो घेऊन आले, दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभे राहिले आणि सांगितलं. तेव्हापासून हे चालू आहे.

आज बोल्ट पहिल्यांदा माझ्या हातात आला. शनिवारी मी बेअरिंगचे छर्रे चुकीच्या मापाचे आणले होते. पण शिबिरात शिकवलं आहे, की पहिल्या आठवड्यात पुढाऱ्याचा पाय डगमगलेला दिसू नये. मी म्हणालो, "माझं काही नाही," आणि बोल्ट पुढे दिला.

ठिणगीने घेतला. ही आमची वेल्डर. नवरा सोडून गेला, पदरात दोन मुली. मिस्त्रींनीच तिला हे काम शिकवलं. ती म्हणाली, "शनिवारी माझ्या हातून पाना मोजपट्टींच्या पायावर पडला. चूक एवढीच, की दुसरा पाय वाचला."

मोजपट्टी म्हणजे आमचे फिटर. साठीला आलेत, खिशात टेप नसला तर अंगात कपडे नसल्यासारखे अवघडतात. त्यांनी बोल्ट घेतला. "मी शनिवारी हिला शाबास म्हणालो. देव मला क्षमा करो."

सगळे हसले. मग मी फळा टांगला. डावीकडे प्रत्येकाचं नाव, उजवीकडे रोजचं काम. पुढे असेल त्याच्या नावापुढे तारा. फळ्याकडे बघताना कुणी हसलं नाही. गांभीर्य आलं, चांगलं झालं.

५ फेब्रुवारी, बुधवार

शिबिरात सांगितल्याप्रमाणे वाया जाणारी पावलं मोजली. वेल्डिंगचे रॉड ज्या कपाटात असतात ते ठिणगीच्या टेबलापासून बेचाळीस पावलं दूर. तिच्या दिवसाला बारा खेपा. म्हणजे जाऊन येऊन हजारावर पावलं नुसती रॉडसाठी!

कपाट तिच्या टेबलाजवळ, मागच्या भिंतीला हलवलं. मिस्त्री त्यात एक बल्ब दिवसरात्र जळता ठेवायचे. "कोंबडी अंड्यांवर बसते तसं रॉडला ऊब लागते," म्हणायचे. मागच्या भिंतीला प्लग नाही. पण सध्या हवा कोरडी खडखडीत आहे, ऊब कशाला? उलट भिंतीपलीकडे पाण्याची टाकी असल्याने तो कोपरा थंडगार असतो. ठिणगीलाही बरं.

आज पहिल्यांदा दोन सायकली झाल्या. छापील प्रश्नाला आज उत्तर आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आठवड्यात अकरा. अध्यक्ष साहेब येऊन गेले. धन्याने दिलेलं दुप्पट करून दाखवणाऱ्या चाकराचा दृष्टान्त त्यांनी सगळ्यांना सांगितला, छान सांगितला. जाताना फळ्याकडे बोट करून म्हणाले, "समारंभानंतर शेवटच्या दोन नावांचा विचार करावा लागेल." आवाज हळू होता, पण शेड पत्र्याची आहे. तिथे काही हळू राहत नाही.

फाटकाशी किल्लीवाला बसला होता. बाजाराच्या उतारावर किल्ल्या करून देतो. लहानपणापासून दोन्ही पाय लुळे, चाकं लावलेल्या फळीवर बसून हाताने ढकलत येतो. त्याचं नाव यादीत बेचाळिसावं आहे. रोज येऊन विचारतो, "दादा, कितवी झाली?" आज मी "अकरावी" म्हटल्यावर बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "म्हणजे माझी अजून पोटात आहे."

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाकावर उशीर होतो. आज बोल्ट ठिणगीकडे गेला तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, चूक कुणाची ते नाही माहीत, पण रॉड तडतडतायत."

मी घड्याळाकडे बघत होतो. म्हणालो, "तूही दिवसभर तडतडतेसच की. म्हणून तुला कुणी बदललं का?"

सगळे हसले. तीही हसली आणि बोल्ट पुढे दिला. मला वाटलं, मिस्त्रींसारखा विनोद आपल्यालाही जमतो.

दुसरी एक गोष्ट ठरवली. तयार झालेल्या प्रत्येक सायकलवर मोजपट्टी वाळूची दोन पोती ठेवतात आणि विटेच्या उंचीवरून पुढचं चाक दहा वेळा खाली सोडतात. एकेका सायकलला अर्धा तास जातो. सहा-सात वर्षांत एकही मोडलेली नाही. आता पाचातली एकच तपासायची, असं सांगितलं.

मोजपट्टी म्हणाले, "आणि बाकीच्या चारांना चिठ्ठी कसली बांधू?"

"नेहमीचीच. 'तपासली.' पाचातली एक तपासली म्हणजे पाचही तपासल्यासारख्याच."

त्यांनी टेप बाहेर काढला, उगाच टेबल मोजलं आणि परत खिशात ठेवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस झाले, बाकावर कुणाचीही चूक नाही. बोल्ट सरसर फिरतो. "माझं काही नाही." "माझं काही नाही." दोन मिनिटांत यंत्रं सुरू. देवाची स्तुती असो. माणसांना विश्वासाने जबाबदारी दिली की ती किती सुधारतात! ठिणगीच्या नावापुढे आज तिसरा तारा लागला.

१६ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर मिस्त्रींना भेटायला गेलो. खाटेवर उशीला टेकून बसले होते. पावलांवरून ओळखलं.

"या स्टोअरवाले. काय म्हणतो आपला बोल्ट?"

मी अभिमानाने सांगितलं, तीन दिवस कुणाची एक चूक नाही.

त्यांनी पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाले, "अठरा वर्षांत मला असे तीन दिवस मिळाले नाहीत."

एवढं कौतुक त्यांनी माझं कधी केलं नव्हतं. मी संकोचलो. त्यांनी विचारलं, "आणि तू काय सांगतोस? तुझ्या हातात आधी येतो ना?"

मी म्हणालो, सध्या फार घाई आहे. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात थरथरत होता. वय झालं आता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाक आता फक्त सोमवारी. उरलेल्या दिवशी उभ्यानेच प्रार्थना करून कामाला लागायचं.

सत्तावीस झाल्या. फाटकाशी किल्लीवाला बसलेला. तळहातांना भेगा पडून रक्त आलेलं. फळी ढकलताना हातमोजा फाटला म्हणाला. मला राहवलं नाही. रंग वाळलेली एक हिरवी सायकल होती, ती बाहेर काढली. यादीला काय, यादी माणसासाठी की माणूस यादीसाठी?

मोजपट्टी मागून आले. "भाऊ, हिची चाचणी व्हायचीय."

"ही पाचातली एक नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर."

आम्ही तिघांनी त्याला उचलून बसवलं. त्याने हातपेडल धरलं आणि आवारात एक फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी. थांबेचना. रंगारी म्हणाला, "अरे, जमीन झिजेल आमची." फुकट कसं घेऊ म्हणून त्याने तिथल्या तिथे कानस काढून स्टोअरच्या किल्लीची दुसरी किल्ली करून दिली. हात असे चालत होते, की बघत राहावं. आत्ता ती किल्ली माझ्या खिशात आहे.

आज प्रार्थनेत शब्द आपोआप आले. गरिबाला हसताना बघितलं की देव फार लांब राहत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार



दुपारी मोजपट्टींनी बोलावलं. पाचातली एक चाचणीला लावली होती. पोती ठेवली, सोडायला लागले. सहाव्या वेळी पुढचं चाक धरणारा चिमटा जोडाशी तुटून वेगळा झाला. त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला. जोड बाहेरून चकचकीत, आतून पावाच्या तुकड्यासारखा भोकाभोकांचा.

मी विचारलं, "आणखी कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग सध्या कुणाला सांगू नका. एखाद्या रॉडमध्ये दोष असेल. नवा चिमटा बसवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. तुकडा टेबलाच्या खणात टाकून ते कामाला गेले.

आज सोमवार, म्हणजे सकाळी बाक होतं. बोल्ट फिरला होता. 'माझं काही नाही' म्हणून मीच सुरुवात केली होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी होती. मी मोजपट्टींना म्हटलं, आणखी दोन लावू. पहिली टिकली. हायसं वाटलं. दुसरी चौथ्या वेळीच गेली. आवाज फार मोठा नसतो, सुपारी फोडल्यासारखा. 

ठिणगी दारात उभी होती. तिने चिमटा बघितला. चेहरा पांढराफटक.

"भाऊ, मी सांगितलं होतं, रॉड तडतडतायत. ओल धरली की तडतडतात. जोड वरून धरतो, आतून फसफसतो."

"ओल कुठून येणार? पाऊस नाही, पाणी नाही."

तिने जाऊन कपाटाचं दार उघडलं आणि माझा हात धरून मागच्या भिंतीवर ठेवला. भिंत गार होती. हात काढला तर तळवा ओला.

"मग पुन्हा का नाही सांगितलंस?" मी ओरडलोच.

"तुम्ही हसलात ना, भाऊ." मग खाली बघून, "आणि तिकडे फळ्यावर नाव आहे माझं. दोन पोरी आहेत मला."

पाच तारखेपासूनचे सगळे जोड. तेहतीस तरी सायकली. रंग देऊन, फिती बांधून चर्चच्या हॉलमध्ये रांगेत उभ्या आहेत. तेहतीस का, बत्तीस. एक बाहेर आहे. बाजाराच्या उतारावर.



त्याच पावली बाजार गाठला. किल्लीवाल्याची जागा रिकामी. शेजारची फळवाली म्हणाली, "चार दिवस झाले, आला नाही. नवी गाडी मिळालीय ना, फिरत असेल राजासारखा."

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी निघालो, पत्ता मिळायला दुपार झाली. गिरणीमागे एक खोली आहे, जिन्याखालची. दार लोटलं. तो भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर, कपाळावर खोक. कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं. हिरवं चाक बाहेर आलं होतं.

मला बघून त्याने डाव्या हाताने गोणपाट ओढून चाक झाकलं.

"दादा, मी येणारच होतो सांगायला," तो म्हणाला. "माझ्याकडून मोडली. शुक्रवारी उतारावर जरा वेगात घेतली. वाटलं, बघावं तरी वेग म्हणजे काय असतं ते. जन्मात कधी... तर पुढचं चाकच निघालं. मला वापरता आली नाही, दादा. देवाच्या कामाची वस्तू मी मोडून ठेवली."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. 

"दुरुस्त होईल का? दुसरी नको मला. यादीत पुढचे आहेत त्यांना द्या. फक्त कुणाला सांगू नका मी पाडली म्हणून. मग आमच्यासारख्यांना कोण देईल? म्हणतील, ह्यांना किंमत नाही."

एवढं सगळं त्याने डाव्या हाताने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवत सांगितलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं आहे. पुढे कानस धरता येईल की नाही, डॉक्टर आत्ता सांगत नाहीत.

मी म्हणालो, "चूक तुझी नाही."

तो समजूतदारपणे हसला. त्याला वाटलं, मी मोठ्या मनाने बोलतो आहे. एवढं सोपं वाक्य, आणि मला ते पुरं करता आलं नाही. 'माझी आहे' हे दोन शब्द घशाशी आले आणि मी पाणी पिऊन टाकलं.

घरी येईपर्यंत खिशातली किल्ली मुठीत धरली होती. तळव्यावर वळ उठला आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अध्यक्ष साहेबांना भेटलो. सगळं सांगितलं. कपाट मीच हलवलं हेही, जरा पुटपुटत. ते वाईट माणूस नाहीत. किल्लीवाल्याच्या औषधपाण्याची व्यवस्था तिथेच फोन करून केली. मग दार लोटून घेतलं.

"समारंभ होऊ द्या," ते म्हणाले. "सायकली हॉलमध्ये उभ्या राहतील, फोटो निघतील. वाटपानंतर दोन दिवसांत 'तेल-पाण्यासाठी' म्हणून परत मागवू आणि गुपचूप चिमटे बदलू."

"त्या दोन दिवसांत कुणी बसलं तर?"

"सांगू, बसू नका म्हणून."

"साहेब, ज्याला जन्मात पहिल्यांदा चाक मिळालं, तो बसणार नाही?"

ते खुर्चीत मागे रेलले. "भावनेवर जाऊ नका. आज तुम्ही तोंड उघडलंत तर ती संस्था निघून जाईल. शेडचं गोदाम होईल. आठ घरांच्या चुली विझतील. आणि पुढच्या दहा वर्षांत ज्यांना सायकली मिळाल्या असत्या, ते फळीवरच सरपटत राहतील. एका माणसाचं मन हलकं व्हावं म्हणून? हे गरिबांवरचं प्रेम आहे का? नीट विचार करा. तुम्ही प्रार्थना करणारे आहात."

मी उठून घरी आलो.  त्यांचा प्रत्येक शब्द बरोबर वाटतो, आणि सगळे मिळून ओल्या रॉडने जोडल्यासारखे वाटतात.

हिला सगळं सांगितलं. ती सीटच्या गाद्या शिवते. सुईत दोरा ओवत होती, ऐकता ऐकता थांबली. म्हणाली, "तीन आठवडे बघतेय, रोज संध्याकाळी या वहीला सगळं सांगता. वही काय करणार आहे?"

"म्हणजे काय करू?"

"मला नका विचारू. तुमच्या हातात आधी येतो ना तो बोल्ट?"

मिस्त्रींनी हेच विचारलं होतं. तो थरथरणारा हात वयाचा नव्हता. तीन दिवस कुणाची चूक नाही, हे ऐकून घाबरलेला माणूस होता तो. आणि मी कौतुक समजलो.

आपला प्रभू धनी असून पंचा कमरेला बांधून आधी उठला, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे. शिष्यांचे पाय धुतले याचंच मला नेहमी नवल वाटायचं. आज 'आधी उठला' यावर अडकलो आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सोमवार नव्हता, तरी सगळ्यांना बाकावर बसायला सांगितलं. मोजपट्टी टेप काढून मांडीवर उलगडत-गुंडाळत बसले. मी बोल्ट घेतला आणि उभा राहिलो. 

"पहिल्या दिवशी मी म्हणालो, माझं काही नाही. तेव्हाही होतं. छर्रे चुकीचे आणले होते. पाच तारखेला रॉडचं कपाट मी ओल्या भिंतीला नेलं. ठिणगीने सांगितलं, तर मी तिची थट्टा केली. चाचणी मी कमी केली, खोट्या चिठ्ठ्या मी बांधायला लावल्या. न तपासलेली सायकल मी किल्लीवाल्याला दिली आणि तिचा मला अभिमान वाटला. त्याचा हात मोडला आहे. तो मला म्हणाला, माझ्याकडून मोडली. आणि मी त्याला तसंच समजू दिलं. चिमटा तुटला तेव्हा मोजपट्टींना मी गप्प राहायला सांगितलं."

मग अध्यक्ष साहेब काय म्हणाले तेही सांगितलं. गोदामाचं, चुलींचं, सगळं. "मी त्या संस्थेला खरं कळवणार आहे. त्याने तुमचं काम जाऊ शकतं. तुम्हाला न सांगता करणं बरं नाही, म्हणून आधी इथे सांगतो."

 बोल्ट कुणाला द्यावा कळेना, म्हणून हातातच होता. ठिणगीने उठून तो माझ्या मुठीतून सोडवून घेतला.

"रॉड तडतडत असताना मी हात थांबवायला हवा होता," ती म्हणाली. "थांबवला नाही. तारा हवा होता मला."

मोजपट्टी म्हणाले, "सोळा चिठ्ठ्या. 'तपासली.' माझ्या अक्षरात." टेप त्यांच्या हातातून सुटला आणि खळ्ळकन आत गेला.

रंगाऱ्याने बोल्ट घेतला. तो कधी बोलत नाही. "दोन जोडांवर बारीक रेघ दिसली होती. मी दुसरा हात मारून झाकली."

मग एकेक करत सगळे. यंत्रं सुरू व्हायला साडेदहा वाजले.

संस्थेला पत्र लिहिलं. मोजपट्टी स्वतः नेऊन देऊन आले. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "समितीची बैठक बोलावतो. तुमच्या जागेवर कोण असेल ते मला सांगता येत नाही." मी म्हणालो, "ज्याला बसवाल त्याला बोल्टचं सांगा."

दुपारी किल्लीवाल्याकडे गेलो. या वेळी वाक्य पुरं केलं. तो माझ्याकडे बघत राहिला. रागावेल असं वाटलं होतं, रागावला असता तर सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "म्हणजे मी नीट चालवली होती?"

"नीट चालवली होतीस."

"वेगात घेतली तरी?"

"वेगात घेतलीस तरी."

मग तो तोंड फिरवून रडला. हिरवी सायकल हातगाडीवर घालून मी परत आणली.

कपाट जुन्या जागी गेलं आहे. बल्ब लावला. हॉलमधल्या सगळ्या सायकलींच्या फिती सोडल्या, त्यांचे चिमटे कापायला काढले. फळा ठिणगीने पुसला, सांगायची गरज पडली नाही. तिने नवं पाकीट फोडलं आणि पहिला जोड हिरव्या सायकलचा घातला. रॉड तडतडला नाही. सगळे कान देऊन उभे होते.

पत्राचं उत्तर आलेलं नाही. सोमवारी ही शेड आमची असेल की पोत्यांची, ठाऊक नाही. किल्लीवाल्याचं मनगट कसं जुळेल तेही नाही.

आज मी काय साध्य केले?

संध्याकाळी मोजपट्टींनी वाळूची दोन पोती ठेवली. विटेवरून हिरवी सायकल दहा वेळा खाली पडली. मोडली नाही.